आधी चढून घ्या

चाचांनी मला कधीच नावानं हाक मारली नाही. मशिदीत मला नवं नाव होतं, दुकानात शेठ जुन्याच नावानं बोलवायचे, आणि चाचांच्या घरात मी होतो राणीसावरगाव. पुढं पुढं नुसतंच सावरगाव. "सावरगाव, चहा झालाय." "सावरगाव, तुमची चप्पल वाटेत हाय." सगळी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून काढलेल्या माणसाला पॅसेंजर गावाच्या नावानंच लक्षात राहतो, त्याला कोण काय म्हणणार. स्वतःच्या जावयालाही ते 'फाटा' म्हणायचे, कारण त्याचं पंक्चरचं दुकान देवगाव फाट्यावर होतं. चार माणसांत "ओ फाटा" अशी हाक आली की जावई बिचारा खाली बघायचा. मला मात्र माझी हाक आवडायची. ज्या गावात माझ्या बापाचं दार मला बंद व्हायच्या बेतात होतं, त्या गावाच्या नावानं कुणीतरी दिवसातून दहा वेळा मला बोलवत होतं. आता मला त्या नावानं कोणी बोलवत नाही, आणि कान अजून तयारीत असतात.

पाथरीत मी ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरवर असतो. मी इस्लाम कबूल केला तेव्हाही तिथंच होतो. त्या दिवसांत प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, मुलगी कोण? मुलगी कोणीच नव्हती. दोन वर्षं दुपारच्या सामसूम वेळेत मी काउंटरखाली कुराणाचा मराठी तर्जुमा ठेवून वाचत होतो, आणि वाचता वाचता आत काहीतरी शांत होत गेलं. याहून जास्त मला तेव्हा सांगता येत नव्हतं, आताही येत नाही. मुलगी असती तर लोकांची मोठी सोय झाली असती.

जुन्या घरमालकानं मला खोली सोडायला सांगितली, तीही भांडण न करता, हात जोडून. मुसलमान मोहल्ल्यात दोन ठिकाणी विचारलं, तिथंही नको म्हणाले. पुढं काही लफडं उभं राहिलं तर काय, ही त्यांची भीती. मला राग आला होता, पण खोटं कशाला बोलू, त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं. तिसरं दार चाचांचं निघालं. दारातच उभे होते, अंगात रिटायर होऊन चौदा वर्षं झालेला खाकी शर्ट, खांद्यावरची जागा झिजून पांढरी पडलेली. मी पिशवीतून धर्मांतराच्या शपथपत्राची झेरॉक्स काढायला लागलो, म्हटलं सगळं आधीच दाखवून टाकावं. त्यांनी तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"कुठून बसलात?" त्यांनी विचारलं.

मला काही कळेना. मग उमगलं, गाव विचारतायत. राणीसावरगाव, मी म्हटलं, गंगाखेड तालुका.

"लय लांबून आलाव. आदी चढून घ्या. बाकीचं मंग बघू."

हे त्यांचं कायमचं वाक्य होतं. कोणत्याही प्रश्नावर ते हेच म्हणायचे, आणि गंमत म्हणजे बहुतेक प्रश्नांना ते लागूही पडायचं. मी जिना चढून वरच्या खोलीत गेलो तो आजतागायत तिथंच आहे.

वरच्या खोलीत दाराशेजारी एक पितळी घंटा टांगलेली होती, आणि तिची दोरी भिंतीतल्या भोकातून खाली त्यांच्या पलंगाजवळ गेलेली. जुन्या भंगार गाडीतली घंटा त्यांनी कुठून तरी मिळवली होती. एक टोला म्हणजे थांबा, खाली या, चहा नाहीतर काही काम आहे. दोन टोले म्हणजे चला. पहाटे फजरच्या नमाजेआधी ती घंटा दोनदा वाजायची आणि मी अंथरुणात धडपडून उठायचो. मशिदीची अजान त्यानंतर व्हायची. पहिले काही दिवस मला वाटलं, हा म्हातारा मला चेष्टेवारी नेतोय. मग लक्षात आलं की त्यांना दुसऱ्या कोणत्या पद्धतीनं माणूस हलवताच येत नव्हता.

आणि ते बसायचे नाहीत. जेवायला आणि नमाजेत बसावं लागतं तेवढेच. बाकी पेपर उभ्यानं, गप्पा उभ्यानं, टीव्हीवरच्या बातम्या चौकटीला पाठ टेकून, पाय थोडे फाकवून. अजून गाडी हलतेय आणि तोल सांभाळायचाय, असे. गुडघे कामातून गेले होते. डॉक्टर, मुलगी, मौलाना सगळे सांगून थकले. मशिदीत त्यांच्या वयाची माणसं मागच्या ओळीत प्लास्टिकच्या खुर्चीवर नमाज पढायची, हे मात्र सगळ्यांबरोबर जमिनीवर, उठताना शेजारच्याच्या खांद्याचा आधार घेऊन. "सीट पॅसेंजरची असती," म्हणायचे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. ती कायम म्हणायची म्हणे, एकदा तरी माझ्याशेजारी टेका. हे सांगताना ते दुसरीकडं बघायचे.

नव्या माणसाला शिकवायला सगळा गाव टपलेला असतो, हे मला तेव्हा कळलं. एकानं दाढीबद्दल सांगितलं, एकानं पँटच्या लांबीबद्दल, एकानं डावा हात कुठं वापरायचा आणि कुठं नाही याची यादीच दिली. एक जण रोज संध्याकाळी यायचा आणि माझे अरबी उच्चार ऐकून कपाळाला हात लावायचा. मी रात्री झोपताना हिशेब लावायचो, आज आपण किती ठिकाणी चुकलो. चाचांनी आठवडाभर हे बघितलं. मग एका संध्याकाळी दारात आडवा हात लावून उभे राहिले आणि आलेल्या दोघांना म्हणाले, गाडी भरली, मागच्या गाडीनं या. त्या दिवसापासून माझं शिक्षण एकट्या त्यांच्याकडं आलं.

त्यांची पद्धत टप्प्याटप्प्याची. पहिले पंधरा दिवस नुसता वजू. नमाजेआधी हातपाय, तोंड, कोपरापर्यंत हात कसे धुवायचे, पाणी किती कमी वापरायचं, एवढंच. बाकी काही विचारलं की म्हणायचे, अजून वाटेतलं मानवतसुद्धा आलं नाही, परभणीचं काय विचारता. मग उभं राहणं. मग वाकणं, मग माथा टेकणं. सुरे, म्हणजे कुराणातली छोटी प्रकरणं, त्यांनी मला पुठ्ठ्यावर देवनागरीत लिहून दिले, कारण त्यांचं स्वतःचं शिक्षण मराठी शाळेत सातवीपर्यंत. उच्चारांबद्दल मी रडगाणं गायलं तर म्हणाले, उच्चार परभणीच्या पुढं सुधारतील, आत्ता पाथरी सुटलीय. मशिदीत माझी जागा त्यांनी ठरवली होती, बरोबर त्यांच्या मागं. म्हणजे शेजाऱ्याकडं तिरक्या डोळ्यानं बघायला नको. त्यांच्या खाकी शर्टाची पाठ बघून मी नमाज शिकलो. ती पाठ वाकली की मी वाकायचो.

आमच्या वस्तीत जन्मलेल्या माणसाकडूनच होईल अशी चूक मी तिसऱ्या की चौथ्या शुक्रवारी केली. मशिदीच्या दारात मौलाना समोर आले, मी घाईत होतो, आणि तोंडातून लहानपणापासूनचा जयभीम निघून गेला. तोही चांगला मोठ्यानं. आजूबाजूचे सगळे थांबले. मला जमीन फाटावी असं झालं. तेवढ्यात मागून चाचांचा आवाज आला, "जयभीम, सावरगाव." अगदी सहज, रोज सकाळी म्हणत असल्यासारखा. मौलाना हसले आणि मला सलाम करून आत गेले. नंतर चाचांनी सांगितलं, गाडीत पन्नास माणसं असायची, रामराम, जयभीम, सलाम, जयहरी, ज्याचं त्याला त्याच्या भाषेत द्यायचं, त्यात कंडक्टरचं काही कमी होत नाही.

पहिल्या रोज्याला दुपारी शेठनं सवयीनं माझ्यापुढं चहा ठेवला आणि मी सवयीनं पिऊन टाकला. शेवटच्या घोटाला आठवलं. दुकान सोडून मी धावत घरी आलो, तोंड पडलेलं. चाचा म्हणाले, विसरून प्यालात तर रोजा चालूच आहे, गाडी वाटेत गरम झाली म्हणून कोणी पॅसेंजरला खाली उतरवत नाही. मला वाटलं, समजूत काढतायत. मौलानांना विचारलं तर तेही तेच म्हणाले, फक्त गाडीचं सोडून.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला बसलो ती सांगतो.

माझे वडील निवृत्त प्राथमिक शिक्षक. सगळं राणीसावरगाव त्यांना गुरुजी म्हणतं. आजोबांनी धम्म घेतला तेव्हा वडील पाळण्यात होते. आजोबांनी त्या आधीचे दिवस भोगलेले होते. विहिरीवर वरून ओंजळीत ओतलेलं पाणी, शाळेच्या बाहेर खुंटीला टांगलेला त्यांच्या नावाचा डबा. हे मी लहानपणी इतक्या वेळा ऐकलं होतं की पाठ झालं होतं, आणि पाठ झालेल्या गोष्टीकडं माणूस लक्ष देत नाही. मी धर्म बदलल्याचं सांगितलं तेव्हा वडील चिडले, दोन दिवस जेवले नाहीत, पण बोलणं तोडलं नाही. माझ्या बापानंही एक घर सोडलंच होतं, असं एकदा स्वतःशीच म्हणाले. मी दर दोन-तीन रविवारी घरी जात होतो. गाडी रुळावर येईल असं वाटत होतं.

मग आईनं ते ताट आणलं. बचत गटातल्या कुणीतरी तिला सांगितलं होतं की मुसलमानांना त्यांची भांडी वेगळी लागतात. बिचारी गंगाखेडच्या बाजारात जाऊन माझ्यासाठी नवं स्टीलचं ताट, पेला आणि छोटी कढई घेऊन आली. वरच्या फळीवर कापडात गुंडाळून ठेवलं. मी गेलो की त्याच कढईत अंड्याचा रस्सा, त्याच ताटात भाकरी. मला भरून आलं. इतकी काळजी माझी कोण करणार होतं? मी जेवलो, ताट धुतलं आणि स्वतःच्या हातानं फळीवर ठेवलं. त्याच वेळी वडील विहारातून घरी आले. ते ताट कुणाचं, त्यांनी विचारलं. आईनं कौतुकानं सगळं सांगितलं.

वडील फळीकडं बघत राहिले. मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, "बरं पडतं बाबा, वेगळं असलं की."

ते शब्द मला आजही परत घ्यावेसे वाटतात. वडिलांनी ताट काढलं, नीट, आवाज न करता, आणि उंबऱ्याबाहेर नेऊन ठेवलं.

"माझ्या बापाचा डबा भाईर टांगलेला हुता," ते म्हणाले. "ह्या घरात येगळं भांडं? येगळं ताट लागत आसंल, तर घरबी येगळंच बघ."

त्यानंतर चौदा महिने ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत.

त्या रात्री पाथरीत आल्यावर मी चाचांना सांगितलं ते दाद मिळावी म्हणून. वाटलं, म्हणतील, बाप कठोर आहे, सबर कर. ते भिंतीला टेकून ऐकत होते. ऐकून झाल्यावर म्हणाले, "चूक तुझी हाय." पहिल्यांदाच मला एकेरीत बोलले. धुतलेलं ताट पाक असतं, त्यांनी सांगितलं, जे खायचं नाही ते खाऊ नको, पण आईच्या घरातलं रोजचं ताट तुला कशानं चालेना? मी म्हटलं, मी मागितलं नव्हतं. "मागितलं न्हाईस, पर घेतलंस की." मी वर जाऊन पडलो. ते बरोबर होते म्हणून जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला माझं वेळापत्रक दिलं. दर रविवारी राणीसावरगाव. पाथरी ते परभणी, परभणी ते गंगाखेड, गंगाखेड ते गाव, सकाळी पहिली गाडी, दुपारी परत. वडील बोलोत न बोलोत. रोजच्या ताटात जेवायचं, रोजच्या पेल्यात पाणी प्यायचं आणि यायचं. किती दिवस, मी विचारलं. ते म्हणाले, फेरी किती दिवस चालवायची हे कंडक्टर ठरवत नाही.

मी जायला लागलो. वडील ओसरीत खुर्चीवर पेपर तोंडापुढं धरून बसायचे. मी येताना पहिलं पान असायचं, निघतानाही पहिलंच. मी समोर खाली बसून घरच्या जुन्या, कडेला पोचा आलेल्या ताटात जेवायचो, ताटात काय आहे ते त्यांना दिसावं अशा बेतानं. आई कधी माझ्याकडं, कधी पेपराकडं बघायची. तिचं वजन कमी झालं होतं. नवं ताट तिनं कुठं ठेवलं होतं देव जाणे, मी विचारलं नाही. संध्याकाळी पाथरीत पोचलो की चाचा दारात उभेच असायचे. त्यांचा प्रश्न ठरलेला.

"पॅसेंजर मिळालं का?"

"नाही चाचा."

"टायमावर गेलास? टायमावर आलास? मंग फेरी झाली."

असे कितीतरी रविवार गेले. एकदा मी वैतागलो. पावसात गंगाखेडला दीड तास उभा राहिलो होतो, वडिलांनी त्या दिवशी मी आल्यावर खुर्चीच फिरवली होती. मी चाचांना म्हटलं, आता बास, मला जमणार नाही. पुढच्या रविवारी पहाटे घंटा दोनदा वाजली आणि खाली आलो तर चाचा खाकी शर्ट घालून, इस्त्री करून, निघायच्या तयारीत उभे.

तो प्रवास मी विसरणार नाही. परभणीच्या स्टँडवर तीन म्हातारे ड्रायव्हर त्यांच्या गळ्यात पडले. गाडी निम्मी रिकामी होती, मी कितीदा विनवलं, तरी ते मधल्या दांडीला धरून गंगाखेडपर्यंत उभे राहिले. तरुण कंडक्टरनं बाबा बसा म्हटलं तर त्याला म्हणाले, तू बस. गावात पोचेपर्यंत त्यांचे गुडघे थरथरत होते. आमच्या घरासमोर येऊन त्यांनी आधी खोकून चाहूल दिली.

वडील उठून उभे राहिले. कोणी दारात आलं तर त्याचा मान ठेवणारा माणूस आहे तो. पाणी आणा, त्यांनी आईला सांगितलं. आई पेला धुवायला लागली. चाचा म्हणाले, "वैनी, पेला नको. गुरुजींचा ह्यो तांब्या हाय न्हवं, त्यातलंच पितो, चालंल का?"

खुर्चीजवळ वडिलांचा तांब्या होता, अर्धा प्यालेला. वडील त्यांच्याकडं बघत राहिले. मग त्यांनीच तो उचलून पुढं केला. चाचा ओसरीच्या कडेला खाली बसले आणि तीन घोट सावकाश प्याले. घरी जेवण आणि नमाज सोडून त्यांना बसलेलं मी पहिल्यांदाच बघत होतो. त्यांना उठता येणार नाही याची मला काळजी लागली.

दोघं तासभर बोलले. कोणत्या रूटला होतात, वडिलांनी विचारलं, आणि मग जुन्या मुक्कामी गाड्या, ओढ्याला पाणी आलं की होणारे हाल, सहलीला नेलेली पोरं, असं काय काय निघत गेलं. माझं नाव एकदाही निघालं नाही. मी दाराशी उभा होतो, परक्यासारखा. निघताना मी चाचांना हात देऊन उठवलं. ते वडिलांना म्हणाले, "गुरुजी, गाडी रिकामी आसली तरी सोडावी लागती. पुढं फाट्यावर कोनी उभं आसंल, आपल्याला काय म्हाईत?"

त्या दिवशी पेपर घडी करून खुर्चीवर ठेवलेला होता.

पुढच्या हिवाळ्यात चाचांचे गुडघे पूर्ण गेले. मशिदीत त्यांना खुर्ची घ्यावी लागली. मागच्या ओळीत, भिंतीच्या कोपऱ्यात. आता त्यांची पाठ माझ्यापुढं नव्हती आणि मला दोन-तीन दिवस नमाजेत धड लक्षच देता येईना. बाहेर पडताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मिळाली बघ सीट." हसले, पण लाजल्यासारखे.

एका पहाटे घंटा वाजली नाही. ती न वाजल्यामुळंच मला जाग आली. अजान होऊन गेली होती. मी अनवाणी खाली गेलो. चाचा पलंगावर कुशीवर होते, दोरी उशापाशी. हात लावला तेव्हाच कळलं.

फाट्यावरून मुलगी-जावई आले. मी आईला फोन केला होता, का केला ते मला सांगता येणार नाही, कुणाला तरी सांगायचं होतं. दुपारनंतर मैदानात जनाज्याची नमाज उभी राहिली. सगळ्या टप्प्यांत हा एकच टप्पा चाचांनी मला शिकवला नव्हता. मी एकदा विचारलं होतं, तर म्हणाले होते, तो माझ्या वेळी आपोआप येईल. मौलानांनी पहिली तकबीर, अल्लाहु अकबर, म्हटली, दुसरी म्हटली, आणि माझं शरीर सवयीनं खाली वाकलं. सगळ्या ओळीत मी एकटा. बाकी सगळे उभे. त्या नमाजेत वाकायचं नसतं, माथाही टेकायचा नसतो, अख्खी नमाज उभ्यानं. मी सरळ झालो आणि मला रडू आवरेना. शेजारच्या माणसाला वाटलं असेल, चुकल्यामुळं रडतोय.

कबरीवर तीन मुठी माती टाकून मी मागं वळलो तर लिंबाखाली वडील उभे होते. पांढरा सदरा, टोपी, पायांवर प्रवासाची धूळ. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. पुढं आले, वाकले, तीन मुठी माती टाकली आणि बाजूला झाले. मला वाटलं, आता ते तसेच स्टँडवर जातील.

गेले नाहीत. जावयानं त्यांना घरी आणलं. मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून समोरच्या घरातल्या भाभींनी जेवण पाठवलं होतं. मोठ्या तबकात खिचडी आणि चिंचेचा आंबट खट्टा. चार-चार माणसं एका तबकाभोवती. मी, जावई आणि मौलाना एका तबकाला बसलो. भाभी माणुसकीच्या बाई. पाहुणे गुरुजी आहेत, आपल्यातले नाहीत, त्यांना अवघडायला नको, म्हणून त्यांनी आतून वेगळं ताट करून पाठवलं. कोरं करकरीत ताट, त्यात पोळ्या आणि भेंडीची भाजी. ते वडिलांसमोर ठेवलं गेलं आणि माझा घास हातातच राहिला. माझ्या आईनं केलं होतं तेच, त्याच मायेनं.

वडिलांनी ताटाकडं बघितलं. कितीतरी वेळ बघितलं. मग ते उचलून त्यांनी हळूच एका बाजूला ठेवलं, उठले आणि आमच्या तबकापाशी आले.

"सरक," ते मला म्हणाले.

मी सरकलो. ते माझ्या मांडीला मांडी लावून बसले आणि माझ्याच बाजूनं खिचडीचा घास घेतला. मौलानांनी मधला खट्ट्याचा वाडगा त्यांच्याकडं ढकलला. मी खाली मान घालून जेवत होतो. खिचडीत मीठ जास्त झालंय असं मला वाटलं, पण ते बहुतेक माझंच असावं.

त्या रविवारी मी नेहमीच्या गाडीनं गावी गेलो. वडील ओसरीत होते, पेपर शेजारी. गाडी येळेवर हुती का, त्यांनी विचारलं. होती, मी म्हटलं. आम्ही दोघं जेवलो. आई मधेच उगीच आत-बाहेर करत होती आणि पदर डोळ्याला लावत होती.

संध्याकाळी पाथरीत उतरलो तेव्हा मी जवळजवळ पळत घराकडं निघालो होतो. गल्लीच्या वळणावर आल्यावर आठवलं. दारात कोणी नव्हतं. जावयानं खालच्या खोलीला कुलूप लावून किल्ली माझ्याकडंच ठेवली होती. कुलूप काढून मी आत गेलो. पलंगाशी ती दोरी तशीच लोंबत होती. चौदा महिने मला दर रविवारी ज्याचं उत्तर 'नाही' असं द्यावं लागलं, तो एक प्रश्न कुणीतरी आज मला विचारायला हवा होता.

मी उभ्यानंच दोरी धरली आणि दोनदा ओढली. वर माझ्या रिकाम्या खोलीत घंटा वाजली. मी जिन्याकडं बघत तिथं उभा राहिलो.

"मिळालं चाचा," मी म्हटलं. "पॅसेंजर मिळालं."